सांगलीचे दाजी आणि १९७१ ची एमजीबी : भाड्याच्या जुन्या स्पोर्ट्स कारचं एक प्रकरण

ताई आणि दाजी सांगलीहून आमच्याकडे कॉव्हेंट्रीला राहायला आले होते. दाजींचं वय एकसष्ट. उभी हयात सहकारी साखर कारखान्याच्या वाहन विभागात गेलेली. लग्नाच्या वाढदिवसाला मुलांनी त्यांना भेट द्यायची ठरवली ती अशी: इंग्लंडच्या ग्रामीण भागात शुक्रवार ते रविवार, दोघंच, आणि हाताशी भाड्याने घेतलेली जुनी स्पोर्ट्स कार. पैसे मुलांचे, जुळवाजुळव माझी. शेवटी घेतली ती एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची दोन सीटची उघडी गाडी.

हे सगळं नीट लिहून काढायचं कारण म्हणजे नंतर इथल्या बऱ्याच मराठी मंडळींनी आपल्या आईवडिलांसाठी असंच काही करायचंय म्हणून विचारणा केली, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘गाडी कुठली घ्यावी?’ हाच होता. माझ्या मते तो बऱ्याच नंतरचा प्रश्न आहे. अशा सहलीचं बरंवाईट ठरतं ते गाडी ताब्यात घेतानाच्या तासाभरात, आणि त्याच्याही आधी विम्याच्या कागदावर. आमच्या बाबतीत तरी तसंच झालं.

विमा आधी

जुन्या गाड्या भाड्याने देणारे इथले बहुतेक जण छोटे व्यावसायिक असतात. गावाबाहेर एक शेड, त्यात मोजक्या गाड्या, एखादा मेकॅनिक, आणि बऱ्याचदा मालक हाच मेकॅनिक. गाडी कोणाच्या हाती द्यायची हे तो ठरवत नाही, त्याचा विमावाला ठरवतो. ही गोष्ट एकदा लक्षात आली की पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये १२ महिने कार चालवता येते. हा झाला कायदा. पण कायद्यात बसतं ते विम्यात बसेलच असं नाही. काहींनी ब्रिटिश किंवा युरोपियन लायसन्सच हवं म्हणून सरळ नकार दिला. काहींना चालकाचं वय चालत नव्हतं. तरुणांना बहुतेक ठिकाणी पंचविशीच्या किंवा तिशीच्या आत गाडी मिळत नाही हे माहीत होतं, पण वरच्या बाजूलाही मर्यादा असते हे बरेच जण विसरतात. शेवटी वॉरिकशरमधल्या एका मालकाने आमच्यासमोरच विमावाल्याला फोन लावला, दाजींचं वय, किती वर्षं गाडी चालवतात, कुठल्या प्रकारच्या गाड्या चालवल्या, अपघात किती, हे सगळं विचारून सांगितलं आणि होकार लेखी मागवून घेतला. तोंडी होकारावर मी गाडी घेऊ दिली नसती. सांगलीच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना दाजी सोबत घेऊन आले होते. कायद्याने तो लागतोच असं नाही, पण विमावाल्याने तो मागितलाच.

दुसरा चालक म्हणून माझं नाव घातलं. गाडी दोन सीटची, मी बरोबर जाणार नव्हतो, तरीही. दाजींना काही झालं किंवा ते थकले, तर गाडी परत आणायचा हक्क कोणाला तरी असायला हवा. शिवाय अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात आणि ते कार्ड करारात नाव असलेल्या चालकाचंच लागतं. इथल्या लायसन्सधारकाला चालक म्हणून नाव घालण्यासाठी डीव्हीएलएच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावरून एक कोड काढून द्यावा लागतो. तो २१ दिवसच चालतो, त्यामुळे महिनाभर आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही.

एक्सेस म्हणजे नुकसान झालं तर आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम. जुन्या गाड्यांच्या बाबतीत ती सहज चार आकडी असते. थोडे जास्त पैसे भरून ती कमी करून घेता येते आणि दाजींच्या वेळी मी ती करून घेतली. त्यात काय येत नाही हे मात्र बारीक अक्षरात असतं: टायर, चाकांची रिम, फाटलेलं कापडी छप्पर, चुकीचं इंधन, आणि तापमानाचा काटा लाल झाल्यावरही गाडी हाकत राहिल्याने झालेलं इंजिनचं नुकसान. ही शेवटची अट मला अगदी रास्त वाटते.

एमओटी या वार्षिक तपासणीबद्दलही विचारावं. ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाडीला २०१८ पासून त्यातून सूट आहे. सूट आहे म्हणून तपासणी करून घेतच नाही असं कोणी म्हणालं, तर त्याच्याकडची गाडी घेऊ नये. गाडीचा नंबर टाकला की तपासणीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर कोणालाही दिसतो. आमच्या मालकाने सूट असूनही दर वर्षी तपासणी करून घेतली होती आणि शेऱ्यांत किरकोळ तेलगळतीपलीकडे काही नव्हतं. या वयाच्या ब्रिटिश इंजिनखाली तेलाचा थेंबही नसता तर उलट शंका आली असती.

जॅग्वार का नाही

दाजींच्या मनात जॅग्वार ई-टाइप होती. असणारच. १९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली तेव्हापासून जुनी स्पोर्ट्स कार म्हटलं की तेच लांबलचक नाक डोळ्यांपुढे येतं. विमानाच्या धंद्यातून आलेल्या माल्कम सेअर यांनी तो आकार गणित मांडून आखला. गाडी बनली आमच्याच कॉव्हेंट्रीत, ब्राउन्स लेनच्या कारखान्यात. २००८ पासून जॅग्वार टाटांची असल्यामुळे दाजींना तिच्याबद्दल आणखीच आपलेपणा वाटत होता. म्हणून त्यांना नको म्हणताना मला कारणं नीट सांगावी लागली.

पहिलं कारण रस्ते. जायचं होतं कॉट्सवोल्ड्समध्ये. तिथली मजा मोटरवेवर नाही, दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं असलेल्या अरुंद वाटांवर आहे. ई-टाइपमध्ये चालक जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो आणि पुढे लांबच लांब बॉनेट पसरलेलं. गावातल्या आडव्या रस्त्यावर येताना समोरून कोण येतंय हे दिसायच्या आत गाडीचं नाक रस्त्यात गेलेलं असतं. सुरुवातीच्या ३.८ लिटरच्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरमध्ये सिंक्रोमेशही (खरखर न होता गिअर बसवणारी रचना) नाही. जाहिरातीत या गाडीची ताकद २६५ अश्वशक्ती आणि वेग ताशी १५० मैल सांगत. त्यातला अर्धा वेगही या वाटांवर वापरता येत नाही. म्हणजे जे भाड्याने घेतलं ते शेडमध्येच राहिल्यासारखं. भाडं एमजीबीच्या जवळपास दुप्पट, एक्सेसही जास्त. आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी पर्यटकांच्या रांगेत तिला तासभर उभं करायचं म्हणजे चालकाचा निम्मा जीव तापमानाच्या काट्यात अडकलेला.

एमजीबीच्या बाजूने मात्र एक असं कारण होतं जे फक्त दाजींनाच लागू पडत होतं.

एमजीबी १९६२ ला आली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. बंद छपराच्या जीटीसह सगळे प्रकार मिळून पाच लाखांवर गाड्या. (पुण्या-मुंबईच्या पार्किंगमध्ये आज दिसणाऱ्या एमजी हेक्टरवर तीच अष्टकोनी खूण आहे, पण त्या कंपनीचा ॲबिंग्डनशी नावापलीकडे संबंध उरलेला नाही.) बॉनेटखाली १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, ‘बी-सीरीज’ म्हणतात ते. आणि आपल्या हिंदुस्तान ॲम्बॅसेडरला वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, तेही याच बी-सीरीज घराण्यातलं. कार्ब्युरेटरसुद्धा, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, एसयू याच कंपनीचा. फरक इतकाच की एमजीबीला एकाऐवजी दोन.

मी लॅपटॉपवर इंजिनचा फोटो काढून दाखवला. दाजींनी चष्मा वर सरकवून नीट पाहिलं आणि म्हणाले, “आरं, हे तर आपल्या चेअरमनसायबांच्या गाडीचं इंजिन हाय की!” मग ताईला हाक मारली, तिलाही दाखवलं. ई-टाइपचा विषय तिथेच मिटला.

यात सोयीपलीकडचा एक मुद्दा आहे. जुनी गाडी चालवायला वेगळं कसब लागतं: चोक कधी ओढायचा, कधी आत ढकलायचा, इंजिन गरम झालंय हे आवाजावरून ओळखायचं, ब्रेकवर पाय आधीच न्यायचा. आजच्या गाड्यांवर शिकलेल्या माणसाला हे दोन दिवसांत येत नाही. दाजींच्या हाताला ते तीस-पस्तीस वर्षं होतं. इथे गाडी डाव्या बाजूने आणि स्टीअरिंग उजवीकडे, म्हणजे तेही नवं नाही. उन्हाळ्यात कॉट्सवोल्ड्समध्ये शिकाऊसारखे चोक ओढून बसलेले कितीतरी हौशी चालक दिसतात. त्यांच्यापेक्षा साखर कारखान्याचा हा माणूस या गाडीला जास्त लायक होता, असं माझं ठाम मत आहे.

लहान मुलं बरोबर असतील तर मात्र हा सगळा विचारच वेगळा. उघड्या एमजीबीला मागे सीट नाही. आणि ज्या जुन्या गाड्यांना मुळातच सीटबेल्ट नाहीत, त्यांत तीन वर्षांखालच्या मुलाला नेता येत नाही. त्यावरची मुलं फक्त मागेच बसवता येतात.

हे आपल्याकडे का नाही

सांगलीहून मुलांनी विचारलं होतं, महाबळेश्वरला असं काही मिळत नाही का? नाही मिळत, आणि त्याला कारण आहे. भारतात २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. या नोंदणीची गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. भाड्याने देणं हा धंदाच. त्यामुळे आपल्याकडे जुनी गाडी लग्नाच्या वरातीत चालकासकट दिसते, पण स्वतः चालवायला शनिवार-रविवारपुरती घ्यायची सोय उभी राहत नाही. गाड्या टिकाव्यात हा नियमामागचा हेतू मला पटतो. पण ज्या गाड्या सांगली-कोल्हापूरच्या मेकॅनिकांनी जिवंत ठेवल्या, त्या चालवायचा आनंद त्यांना परदेशात येऊन पैसे मोजून घ्यावा लागतो, हे मात्र खटकतं.

ताबा घेतानाचा तास

शुक्रवारी सकाळी मी दोघांना शेडवर घेऊन गेलो. गाडी १९७१ ची, गर्द हिरवी, क्रोमचे बंपर, तारांची चाकं. मालक साठीच्या आसपासचा, हाताला ग्रीस लागलेलं, बोलणं भरभर आणि ठासून. दाजींचं इंग्रजी कामापुरतं. मला वाटलं होतं दुभाष्याचं काम करावं लागेल.

मालकाने बॉनेट उघडलं. दाजींनी खाली वाकून दोन्ही कार्ब्युरेटरकडे पाहिलं आणि एकावरच्या टोपीवर बोट ठेवून विचारलं, “डॅशपॉट ऑइल? विच ग्रेड?” मालक क्षणभर थांबला. मग त्याने टोपी फिरवून काढली, खालचा दांडा हळूच वर ओढून दाखवला, पुन्हा खाली दाबला. दाजींनीही एकदा दाबून पाहिला. तेल पुरेसं असेल तर तो दांडा खाली दाबताना हाताला विरोध जाणवतो. दोघांनी मान हलवली. एसयूच्या कार्ब्युरेटरमधला पिस्टन पेडल दाबल्याबरोबर एकदम वर उडू नये, इंजिनला त्या क्षणी हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळू नये, म्हणून हे तेल असतं. तेल संपलं की गाडी वेग घेताना अडखळते. कारखान्याच्या गाड्यांना दाजींनी हे आयुष्यभर केलेलं.

त्यानंतर मालकाचं बोलणं बदललं. गिऱ्हाईकाला सूचना वाचून दाखवाव्यात तसं न बोलता तो एका मेकॅनिकशी बोलावं तसं बोलू लागला, आणि जे एरवी सांगत नाही असंही बरंच सांगितलं. त्यातलं महत्त्वाचं होतं ते पेट्रोलच्या पंपाबद्दल.

एमजीबीला एसयूचाच विजेवर चालणारा पंप असतो, गाडीच्या मागच्या भागात, उजव्या चाकाच्या बाजूला. मालकाने किल्ली अर्धी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, आणि बोट ओठांवर ठेवलं. मागून टिकटिक ऐकू आली. आधी भरभर, मग सावकाश, मग थांबली. कार्ब्युरेटरची भांडी भरली की पंप आपोआप थांबतो. मगच किल्ली पुढे फिरवायची. टिकटिक थांबतच नसेल तर टाकीत पेट्रोल नाही किंवा कुठेतरी गळतंय. टिकटिक आलीच नाही तर पंप अडकलाय. “कान बंद करून ही गाडी चालवता येत नाही,” असं काहीसं तो म्हणाला. हे दाजींसाठीही नवं होतं; ॲम्बॅसेडरचा पंप इंजिनवरच बसवलेला आणि इंजिनच्याच जोरावर चालणारा.

बाकीच्या गोष्टी पटपट झाल्या. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये स्टीअरिंगजवळचा खटका दाबला की ओव्हरड्राइव्ह लागतो: ताशी ६० मैलांना इंजिनच्या सव्वातीन-साडेतीन हजार फेऱ्यांच्या जागी २,७०० च्या आसपास होतात आणि गाडीचा आवाज एकदम खाली येतो. ब्रेकला बूस्टर नाही, पाय जोरात लागणार. दिवे आजच्या मानाने मिणमिणते, त्यामुळे अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. सीटबेल्ट आपोआप ओढले जाणारे नाहीत, हाताने कमी-जास्त करायचे. पेट्रोल फक्त ‘सुपर’. २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-टेन झालंय, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. त्याने जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील खराब होतात. पाच टक्केवालं सुपर अजून मिळतं, लिटरमागे महाग पडतं. पावत्या जपून ठेवायच्या, कारण परत देताना मालक त्या बघणार.

छप्पर मात्र आम्ही तिथेच चढवून आणि उतरवून पाहिलं. हे आवर्जून करावं. कोरड्या शेडमध्ये मालक दाखवतो तेव्हा सोपं वाटतं. पावसात, रस्त्याच्या कडेला, दोघांनी मिळून बटणं लावायची म्हणजे दुसरंच काम. ताईने ते स्वतः केलं. सामानाचं म्हणाल तर डिकीत बरीचशी जागा सुट्या चाकाने खाल्लेली. टणक सुटकेस जात नाही. दोन मऊ पिशव्या नेल्या, त्या बसल्या.

मग मी फोनवर गाडीभोवती फिरून व्हिडिओ घेतला, काचेवरचा खड्याचा जुना डाग आणि डाव्या दरवाजाखालचा ओरखडा कागदावर लिहून घेतला, मालकाची सही घेतली. यात अविश्वास नाही. दोन्ही बाजूंना रविवारी संध्याकाळी वाद नको असतो, एवढंच.

मार्गावर

पुढचं सगळं ताईच्या आणि दाजींच्या सांगण्यावरून.

शुक्रवारी दुपारचा टप्पा मुद्दाम सीझिनकोटचा ठेवला होता, कारण तिथली बाग ठराविक दुपारीच खुली असते आणि शनिवारी-रविवारी बंद. मॉर्टन-इन-मार्शजवळ, इंग्रज कुरणांच्या मधोमध, तांब्याचा कांद्यासारखा घुमट असलेलं मोगल वळणाचं घर उभं आहे. १८०५ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीतून पैसा कमावून आलेल्या चार्ल्स कॉकरेल यांच्यासाठी त्यांचे वास्तुविशारद भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल यांनी ते बांधलं. बागेतल्या पुलावर नंदी बसवलेले आहेत. ताईला ते पाहून आधी बरं वाटलं, मग नंदीसमोर महादेव का नाही म्हणून चुटपुट लागली.

तिथून जवळच डेल्सफर्ड. वॉरन हेस्टिंग्जने हिंदुस्थानातून परतल्यावर तिथे घर बांधलं, वास्तुविशारद तोच कॉकरेल. १८१८ साली तो तिथेच वारला आणि तिथल्याच चर्चच्या आवारात पुरला गेला. ज्या हेस्टिंग्जच्या काळात पहिलं इंग्रज-मराठा युद्ध झालं आणि १७८२ चा सालबाईचा तह झाला, तो हा. घर पाहता येत नाही, पण दाजींना इतिहासाची आवड, म्हणून ते चर्चपर्यंत गेले. गाडी बाहेर लावून थडग्यापाशी थोडा वेळ उभे राहिले. १८१८ म्हणजे पेशवाई बुडाली तेच वर्ष, हे त्यांनी मला रात्री फोनवर सांगितलं. बाकी गाडीबद्दल फारसं बोलले नाहीत, म्हणजे ती नीट चालली होती.

शनिवारी मुक्काम चिपिंग कॅम्पडनमध्ये असल्यामुळे सकाळी लवकर निघून ब्रॉडवे आणि स्नोज्हिलच्या बाजूच्या अरुंद वाटा फिरून घेतल्या. वेळ महत्त्वाची. दहा-साडेदहानंतर त्या वाटांवर समोरून गाडी आली की कोणालातरी मागे घ्यावी लागते, आणि पॉवर स्टीअरिंग नसलेली गाडी उताराला मागे घेणं एकसष्टीत सोपं नाही. बोर्टन-ऑन-द-वॉटर मी यादीतून काढून टाकलं होतं. गाव सुंदर आहे, पण उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथे रांगेत रांगावं लागतं. या गाडीचा पंखा इंजिनलाच जोडलेला. इंजिन संथ चाललं की पंखाही संथ आणि रेडिएटरला वारं कमी. उभ्या रांगेत काटा वर जातो तो त्यामुळे.

दुपारी पाऊस आला. छप्पर चढवायला ताईला फार वेळ लागला नाही, पण काचेच्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी तिच्या गुडघ्यावर पडत राहिलं. पायांशी इंजिनची ऊब आणि गुडघ्यावर थंड पाणी. तेल आणि पेट्रोलचा वास ओढणीला लागला तो धुतल्यावरही पूर्ण गेला नाही. हे तिने तक्रार म्हणूनच सांगितलं आणि मी ते तक्रार म्हणूनच नोंदवतोय. जुन्या गाडीत दोघांपैकी एकजण चालवतो आणि दुसऱ्याला सोसावं लागतं, हे ठरवतानाच लक्षात घ्यायला हवं.

रविवारी नॉर्थलीचमध्ये चहा घेऊन ते गाडीत बसले. दाजींनी किल्ली अर्धी फिरवली. टिकटिक नाही. किल्ली बंद केली, पुन्हा फिरवली. तरी नाही.

त्या क्षणी एरवीचा चालक काय करतो? स्टार्टर मारत राहतो. भांड्यांत उरलेल्या थोड्या पेट्रोलवर गाडी सुरूही होते आणि गावाबाहेर वळणावर, मागून रांग आलेली असताना बंद पडते. बॅटरीही उतरते. दाजींनी त्यातलं काही केलं नाही. पंप उघडून काँटॅक्ट पॉइंट घासायची त्यांची इच्छा होती. त्यांना ते जमलंही असतं. पण न विचारता दुरुस्ती करायची नाही, असं करारात होतं. त्यांनी मालकाला फोन लावला आणि आपल्या इंग्रजीत सांगितलं, “पंप नो साउंड.” मालकाने दोन पर्याय दिले: मदतीची गाडी पाठवतो, रविवार असल्याने तासाच्या वर लागेल, किंवा चाकाच्या हातोडीने पंपाच्या अंगावर हलकी थाप द्या.

दाजींनी डिकीतून तारांच्या चाकांची तांब्याची हातोडी काढली आणि तिच्या लाकडी दांड्याने पंपाला दोन-तीनदा अलगद ठोकलं. टिकटिक सुरू झाली. या पंपात विजेची गुंडाळी पडदा ओढून घेते, त्याच हालचालीत संपर्क तुटतो, स्प्रिंग पडदा परत ढकलते आणि पेट्रोल पुढे जातं. संपर्काची टोकं जळून खडबडीत झाली की वीज पोचत नाही आणि पंप अडकून बसतो. थापेने टोकं जागेवर येतात. हा इलाज तात्पुरता असतो, मालकानेही तसंच सांगितलं.

मदतीची गाडी बोलवावी असं ताईचं मत होतं. माझंही, कारण मी घरी बसून नकाशा पाहत होतो. दाजींनी स्टोमार्गे ए-४२९ ने सरळ परत यायचं ठरवलं. हा रस्ता बराचसा जुन्या रोमन फॉस वेवरूनच जातो, रुंद आहे, थांबायला जागा आहे. हाच विचार त्यांनी केला होता, आणि आज मला तो बरोबर वाटतो: दोष कळलेला, इलाज कळलेला, मालकाची परवानगी घेतलेली, आणि रस्ता असा की बंद पडली तरी कोणाच्या अंगावर जाणार नाही. यातली एक गोष्ट जरी नसती तरी मदतीची गाडीच योग्य होती. वाटेत त्यांनी पेट्रोलला थांबून इंजिन बंद केलं नाही, आधीच नॉर्थलीचच्या अलीकडे भरून घेतलं होतं. पंप पुन्हा अडकला नाही.

हिशेब

तीन दिवसांत दोनशे मैलांच्या आसपास फिरणं झालं आणि पेट्रोल ३५-४० लिटर लागलं. करारातली मैलांची मर्यादा शिल्लक राहिली. खर्चाचा मोठा वाटा भाड्याचा आणि मुक्कामाचा. एक्सेस कमी करायला भरलेले पैसे वाया गेले असं कोणी म्हणेल, पण ते भरलेले होते म्हणून दाजी अरुंद वाटांवर मोकळ्या मनाने फिरले.

परत देताना मालकाने आधी पंपाबद्दल विचारलं, मग कागद आणि पावत्या पाहिल्या. ओरखडा, डाग जसाच्या तसा. अनामत त्या आठवड्यातच सुटली. रविवारच्या भाड्याचा काही भाग त्याने न मागता परत केला आणि पंप बदलल्याचं कळवलं. नव्या पंपात काँटॅक्ट पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच आहे, म्हणजे घासायलाही काही नाही आणि ठोकायलाही.

ताईचं म्हणणं, पुन्हा गेलो तर जीटी घ्यायची. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, पण पत्र्याचं छप्पर आणि मागे सामानाला भरपूर जागा. भाडंही थोडं कमी. दाजींना ते पटलेलं नाही, पण निर्णय ताईचा होईल.

एका मित्राच्या आईवडिलांसाठी सध्या चौकशी चालू आहे. वडिलांना हौस खूप, पण गेली कित्येक वर्षं ऑटोमॅटिक गाडी चालवतात आणि चोक कधी हाताळलेला नाही. त्यांच्यासाठी मी तीन दिवसांची गाडी सुचवलेली नाही. काही मालक स्वतः शेजारी बसून एका दिवसाची फेरी देतात, खाजगी धावपट्टीवर किंवा मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ स्टीअरिंगही हाती देतात. ते आधी करून पाहा, मग शनिवार-रविवारचं बघू, असं सांगितलं आहे. त्यांच्या वडिलांचा विमाही अजून मंजूर व्हायचा आहे.